चित्रचरित्र मुलांसोबत: निवडायचं कसं, वाचायचं कसं आणि सोळा पानांत स्वतः करायचं कसं

शाळेतल्या भाषणस्पर्धेत हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘अमुक यांचा जन्म अमुक साली अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला.’ मूल ते एका दमात म्हणून टाकतं, टाळ्या घेतं आणि जागेवर जाऊन बसतं. ज्याच्याबद्दल बोललं, त्या माणसाविषयी त्याला पुढे एकही प्रश्न पडत नाही. मग आपण ठरवून टाकतो, की मुलांना चरित्रं आवडत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. खऱ्या माणसांच्या गोष्टी मुलं कान टवकारून ऐकतात. ‘हे खरंच झालं होतं?’ हा प्रश्न विचारताना त्यांचे डोळे बघा. त्यांना कंटाळा येतो तो जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार, निधन या रांगेचा.

चित्रचरित्र ही रांग मोडतं. खऱ्या माणसाची गोष्ट, बहुतेकदा ३२ पानांची, प्रत्येक पानावर चित्र आणि मजकूर अगदी थोडा. (३२ हा आकडा छपाईमुळे आला. मोठा कागद छापून, घड्या घालून कापला, की पानं आठ-सोळाच्या पटीत निघतात.) चित्रकथेपेक्षा हा प्रकार वेगळा. अमर चित्र कथेवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, पण तिथे चौकटी भराभर पुढे पळवतात. चित्रचरित्रात समोरासमोरची दोन पानं मिळून बहुधा एकच प्रसंग असतो आणि त्यावर रेंगाळायला मुभा असते.

पाच ते दहा वर्षांची मुलं असलेल्या आईवडिलांसाठी, शिक्षकांसाठी आणि बालवाचनालय चालवणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. पहिल्या चार वाचनाच्या, बाकीच्या करून बघायच्या.

१. दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा

मुखपृष्ठावर जाऊ नका. पुस्तक मधोमध उघडा, मजकुरावर हात ठेवा आणि नुसतं चित्र बघा. मजकुरात नसलेलं काही त्यात दिसतंय का? कोपऱ्यातलं मांजर, आईच्या चेहऱ्यावरची काळजी, भिंतीवरचं कॅलेंडर? मजकुरात ‘ती शाळेत गेली’ आणि चित्रात नुसती शाळेत जाणारी मुलगी, एवढंच असेल तर ते चित्र नुसतं हजेरी लावतंय.

मग चार पानं वाचून ‘थोर’, ‘महान’, ‘असामान्य’, ‘लहानपणापासूनच हुशार’ हे शब्द किती वेळा येतात ते बघा. जितके जास्त, तितकं पुस्तक वाचणाऱ्या मुलापासून दूर. लहानपणापासून हुशार असलेल्या माणसात सामान्य मुलाला शिरायला जागाच उरत नाही. त्या माणसाला कुठे भीती वाटली, कुठे तो चुकला, कुठे त्याचं काम अडलं, हे पुस्तकात असेल तर ते घ्या.

शेवटी मागचं पान बघा. चांगल्या चित्रचरित्रात अखेरीस मोठ्यांसाठी एक टीप असते: यातलं खरं काय, कल्पनेतलं काय, मुख्य गोष्टीत काय बसवता आलं नाही. ही टीप असली, की लेखकानं जबाबदारीनं काम केलंय असं समजायला हरकत नाही.

शोधायचं कुठे? ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांच्या मराठी याद्या आधी चाळा. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात. परवाना खुला असल्यामुळे छापून वर्गात वाटलीत तरी चालतं. एक मात्र खरं, की आपल्याकडच्या माणसांवर मराठीत लिहिलेली नेटकी चित्रचरित्रं अजून हवी तेवढी नाहीत. पाचव्या पायरीपासूनचा खटाटोप त्यासाठीच.

२. वाचण्याआधी नाव सांगू नका

‘आज आपण एका मोठ्या शास्त्रज्ञाची गोष्ट वाचणार आहोत’ असं म्हटलंत, की मुलं शाळेच्या तासाला बसल्यासारखी बसतात. पुस्तक स्वतः एकदा मोठ्यानं वाचून ठेवा, अडखळायच्या जागा कळतील. मुलांपुढे मात्र नुसतं पहिलं चित्र उघडा आणि विचारा, ‘इथे काय चाललंय?’ दोन-तीन उत्तरं येऊ द्या. चुकीची असली तरी दुरुस्त करू नका, ते काम पुस्तक करेल.

मुलं पाच-सहा असतील तर अर्धगोल करून बसवा. पुस्तक तुमच्या छातीशी, पानं मुलांकडे. मजकूर तुम्हाला तिरका वाचावा लागेल, म्हणून तर आधी वाचून ठेवायचं. मूल एकटंच असेल तर सरळ मांडीवर घ्या.

३. वाचताना: पान उलटण्याआधी थांबा

वाचनाची जादू म्हणतात ती माझ्या मते पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असते. चित्रपुस्तकाचा लेखक उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी अर्धवट सोडतो आणि उत्तर पलीकडे ठेवतो. तिथे दोन-तीन सेकंद थांबायचं. बोटानं कोपरा उचलायचा, पण उलटायचा नाही. मुलं पुढे सरकतात, कोणीतरी ‘उलट ना!’ म्हणून ओरडतं. मग उलटायचं.

आवाज बदलून नाटक करायची गरज नाही. सावकाश वाचलंत तरी पुरतं. अवघड शब्द आला तर तिथल्या तिथे व्याख्या देत बसू नका, वाचता वाचता सोपा शब्द जोडून पुढे जा: ‘टिपण, म्हणजे पाहिलेलं लिहून ठेवलेलं.’

वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ किंवा ‘यातून आपण काय शिकलो?’ हे कृपा करून विचारू नका. या दोन प्रश्नांनी जितकी पुस्तकं मारली असतील तितकी वाळवीनंही मारली नसतील. विचारायचंच असेल तर हे विचारा: ‘कुठलं पान परत बघूया?’ जे पान मूल निवडतं, तिथे त्याचा जीव अडकलेला असतो. दुसऱ्या वाचनात चित्रं त्याला वाचू द्या, मजकूर तुम्ही. सनावळी, नकाशा, ‘तेव्हा आपले पणजोबा केवढे होते?’ हे सगळं तिसऱ्या वाचनाला, तेही मुलानं विचारलं तर.

४. अवघड पानं गाळू नका

खऱ्या माणसाच्या आयुष्यात मरण असतं, अन्याय असतो, आज आपल्याला न पटणारी वागणूक असते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोक शेण आणि दगड टाकत. त्या जवळ दुसरं लुगडं ठेवत, हा प्रसंग बहुतेक मुलांना ठाऊक असतो. वाचताना मूल हमखास विचारतं, ‘कोण टाकत होतं?’ इथे ‘काही वाईट लोक’ म्हणून सुटका करून घेऊ नका. गावातली, रोजच्या ओळखीची, स्वतःला सभ्य समजणारी माणसं होती ती. मुली आणि खालच्या मानलेल्या जातींतली मुलं शिकली तर आपला धर्म बुडेल असं त्यांना वाटत होतं. सात वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं. त्यापुढचं त्यानं विचारलं तरच.

मरणाचंही तसंच. सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या, हे शांतपणे सांगावं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस पूर्ण व्हायच्या आत गेल्या. मूल गप्प झालं तर तुम्हीही गप्प राहा. लगेच ‘पण त्यांचं काम अमर आहे’ असं मलम लावू नका.

५. आता आपलं पुस्तक: माणूस नव्हे, खिडकी निवडा

मुलांनी स्वतः चित्रचरित्र केलं, की ती पुढचं प्रत्येक पुस्तक वेगळ्या नजरेनं वाचतात. वय सात ते दहा असेल तर उत्तम. तीन-चार मुलांचा गट, आठवड्यातून एखादी बैठक, महिनाभराचं काम.

सगळं आयुष्य सोळा पानांत कोंबायला गेलात तर पुन्हा तीच रांग. त्या आयुष्यातली एक खिडकी शोधा, जिथून बाकीचं दिसतं. दादासाहेब फाळके म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, हे पाठ्यपुस्तक सांगतंच. पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, तो उगवून वाढेपर्यंत कॅमेऱ्यानं थोडं थोडं टिपत एक छोटी फिल्म केली होती. मुलांसाठी खिडकी ती आहे. उद्या घरी करूनही बघता येईल.

मी नमुन्यासाठी पक्षितज्ज्ञ सलीम अली घेते, कारण त्यांची खिडकी चिमणीएवढी आहे.

मुंबईत खेतवाडीत मामांच्या घरी वाढणारा, आईवडील अगदी लहानपणीच गमावलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. हातात छऱ्याची बंदूक. तो एक चिमणी पाडतो. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी त्यानं पाहिलेली नसते. ही खाल्लेली धर्माला चालेल का, अशीही शंका येते. मामा अमिरुद्दीन तैयबजी स्वतः शिकारी, पण त्यांनाही ती ओळखता येत नाही. ते चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवतात. घाबरत घाबरत, कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन मुलगा त्या साहेबापुढे उभा राहतो. मिलर्ड पक्षी ओळखतात, ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी. आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवू लागतात. पुढचं सगळं आयुष्य त्या खणांतून निघालं.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवायची नाही. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्याची गोष्ट पक्षी मारण्यापासून सुरू होते. आमच्या गटात एका मुलीनं ‘मग आपण लिहूया की चिमणी जखमी सापडली’ असा तोडगा काढला होता. बराच वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवलं, की खरं तेच लिहायचं. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीनंच सुरू व्हायचा, नमुना हातात घेतल्याशिवाय ओळख पटत नसे, आणि दुर्बीण लावून तासन्‌तास बघत बसायची सवय नंतर रुजली, हे समजावून सांगितलं की मुलांना तो बदलच गोष्टीचा कणा वाटू लागतो.

६. माहितीचे तीन ढीग

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मग तीन ढीग:

पहिला, पक्कं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेलं, किंवा त्या माणसानं स्वतः लिहून ठेवलेलं. सलीम अलींनी १९८५ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, चिमणीचा प्रसंग त्यातच आहे. ते मोठ्यांनी वाचून मुलांना सांगावं.

दुसरा, असं असावं. त्या दिवशी ऊन होतं का? मुलगा चालत गेला की ट्रामनं? माहीत नाही, पण चित्रात काहीतरी काढावं लागणारच.

तिसरा, आपलं. मुलांना सुचलेलं, गमतीचं, पुराव्याशिवायचं. हा ढीग पुस्तकात जात नाही. फेकायचाही नाही; पुढे एखाद्या काल्पनिक गोष्टीला उपयोगी पडतो.

संवादांबाबत मी कडक आहे. मामांच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्य घालायचं तर ते कुठेतरी नोंदलेलं हवं. नसेल तर ‘मामांनाही पक्षी ओळखता आला नाही’ एवढं लिहा. गोष्टीचं काही बिघडत नाही.

चित्रांनाही हाच नियम. १९०८च्या आसपासची मुंबई काढायला सांगितली, की पोरं आधी गेटवे ऑफ इंडिया काढतात. तो पुरा झाला १९२४ साली! विजेची ट्राम मात्र चालते, ती १९०७ मध्ये सुरू झाली होती. छताला पंखा, टेबलावर बाटलीबंद पाणी, पाठीला दप्तर, हे सगळं एकेक करून खोडताना मुलांना इतिहास जितका कळतो तितका कुठल्या धड्यानं कळत नाही.

७. सोळा पानांचा आराखडा

ए-४ आकाराचे चार कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानं झाली. पान १ शीर्षकाचं, पान १६ टिपेचं. मधे समोरासमोरच्या सात जोड्या, म्हणजे सात प्रसंग. आधी साध्या पेन्सिलीनं काड्यांची माणसं काढून कच्ची प्रत करा. आमचा आराखडा असा झाला:

२–३: खेतवाडीतलं घर, मुलगा, बंदूक.
४–५: पडलेली चिमणी, जवळून. दोन्ही पानं भरून फक्त गळा आणि पिवळा डाग.
६–७: मामा आणि चिठ्ठी.
८–९: मिलर्डसाहेबांचं टेबल. मुलगा अगदी छोटा, टेबल अवाढव्य.
१०–११: उघडलेले खण. शब्द नाहीत.
१२–१३: वीसेक वर्षांची उडी. जर्मनीत शिकून आल्यावर म्युझियममधली नोकरी राहिली नाही. १९३०च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला, सुगरणींच्या खोप्यांसमोर आडोसा करून बसलेला माणूस.
१४–१५: त्यानं काय पाहिलं. नर अर्धाच खोपा विणतो. मादी येऊन तपासते. पसंत पडला तर ती राहते आणि नर तो पुरा करतो. नाही पडला तर खोपा तसाच लटकत राहतो.

पुढे १९४१ साली आलेलं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, पद्मविभूषण, राज्यसभा, हे सारं शेवटच्या टिपेत दोन ओळींत गेलं. कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. मरणाचा उल्लेखही टिपेतच: १२ नोव्हेंबर १८९६ ते २० जून १९८७.

८. लिहिणं आणि पुन्हा लिहिणं

एका जोडीला तीस-चाळीस शब्द पुष्कळ. चित्र जे दाखवतं ते मजकुरातून काढा. आमच्या मुलांचा पहिला खर्डा असा होता:

‘डॉ. सलीम अली लहान असताना त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. त्यामुळे त्यांना पक्ष्यांची आवड निर्माण झाली व ते पुढे थोर पक्षितज्ज्ञ झाले.’

पान उलटायची काही गरजच ठेवली नाही याने. मोठ्यानं वाचून, कापून, पुन्हा वाचून झालं ते असं:

‘चिमणी पडली. सलीम धावला. रोजच्यासारखीच चिमणी. पण हे काय? गळ्यावर हळद सांडल्यासारखा डाग. घरात कोणालाच सांगता येईना, ही चिमणी आहे तरी कुठली.’

‘डॉ.’ गेलं, ‘थोर’ गेलं, आदरार्थी बहुवचनही गेलं. दहा वर्षांच्या पोराला ‘ते धावले’ म्हणायचं नाही, यावर एका आजोबांचा आक्षेप होता. पान १२ पासून ‘ते’ वापरायचं ठरल्यावर आजोबा मान्य झाले. तडजोड चांगली आहे, कुणी उचलली तरी चालेल.

९. शिलाई

स्टेपलरनं काम भागतं, पण शिवलेलं पुस्तक मुलं जपून ठेवतात. मुखपृष्ठाला जाड कार्डपेपर, आतल्या कागदांच्या आकाराचाच, मधोमध दुमडलेला. सगळं एकत्र धरून पुस्तक उघडा आणि घडीवर तीन भोकं पाडा: एक बरोबर मध्यावर, दोन वरून-खालून चार-चार सेंटिमीटर सोडून. भोकं टोच्यानं किंवा दाभणानं, खाली जुनी वही ठेवून, आणि हे काम मोठ्यांनी करावं.

गोधडीचा जाड दोरा हातभरापेक्षा थोडा जास्त घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, शेपूट बोटभर आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतल्या बाजूनं मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आत आली. मधला लांब टाका दोन टोकांच्या मधे येईल असं बघून दोरा ताणा, दोन गाठी मारा. ताणताना वर ओढू नका, घडीच्या दिशेनंच ओढा, नाहीतर कागद फाटतो.

१०. सोळावं पान

इथे मुलांच्या शब्दांत तीन गोष्टी लिहून घ्या: आम्हाला हे कुठून कळलं, कोणत्या चित्रात आम्ही अंदाज केला, काय सापडलं नाही. करणाऱ्यांची नावं इथेच, पहिल्या नावांनी. आणि खाली चार-पाच ओळींची जागा मोकळी सोडा, ‘चूक दिसली तर इथे लिहा’ असं म्हणून.

मूळ प्रत वर्गात किंवा घरी ठेवा आणि झेरॉक्स काढून गावातल्या ग्रंथालयाला द्या. ग्रंथपालांना सांगून दाखलनोंद क्रमांक घालून घ्या, बालविभागात उभं करा. झेरॉक्स काळी-पांढरी येते, तेवढा एक पिवळा डाग प्रत्येक प्रतीवर मुलांनी हातानं रंगवायचा.